कमी खर्चात लग्न : आधी प्रश्न, मग नोटीस, शेवटी जिलबी

लग्न परवडत नाही म्हणून थांबलेली जोडपी मला वर्षातून दोन-तीनदा तरी भेटतात. मुलीचे वडील कार्यालयाच्या भाड्यासाठी भिशी लावून बसलेले असतात, मुलगा बस्त्याच्या आकड्याने धास्तावलेला असतो, आणि दोन वर्षे उलटली तरी तारीख ठरलेली नसते. त्यांच्याशी बोलताना दर वेळी एकच गोष्ट लक्षात येते. कायद्यातली नोंद, धार्मिक किंवा कौटुंबिक विधी आणि जेवणावळ या तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी आपण ‘लग्न’ हा एकच शब्द वापरतो, आणि त्यामुळे तिसरीचा खर्च पहिलीच्या माथी मारतो. पहिली गोष्ट काही शे रुपयांत होते. दुसरी कितीही साधी करता येते. लाखांचा आकडा येतो तो जवळजवळ सगळा तिसरीतून.

मी सातारची, नवरा वर्ध्याचा, आणि दोघेही पुण्यात नोकरीला. आम्ही दोन वर्षे लग्नाशिवाय एकत्र राहिलो आणि नंतर विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले. सगळा मिळून खर्च ५७,९०० रुपये झाला. त्याचा तपशील पुढे दिला आहे, आणि जिथे आम्ही चुकलो तेही सांगितले आहे. पुढील माहिती मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहे.

१. पहिला प्रश्न : लग्न करायलाच हवे का?

एकत्र राहण्यासाठी लग्नाची गरज नाही. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाशिवाय एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ आणि २०१० च्या निकालांत स्पष्ट केलेले आहे. घरमालक किंवा सोसायटीचे सचिव काहीही म्हणोत, कायद्याची आडकाठी नाही. मात्र उत्तराखंडात कायमचे किंवा नोकरीनिमित्त राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तेथे जानेवारी २०२५ पासून अशा सहजीवनाची नोंदणी सक्तीची आहे.

लग्नाशिवाय काहीच संरक्षण नाही, हाही गैरसमजच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ‘विवाहसदृश नात्या’लाही लागू होतो. पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी अटी घातल्या : दोघे विवाहास पात्र असले पाहिजेत, बराच काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले असले पाहिजेत आणि समाजात पती-पत्नीसारखे वावरलेले असले पाहिजेत. म्हणजे जोडीदाराचे आधीचे लग्न अजून मोडलेले नसेल, तर हा आधार डळमळीत होतो. ‘घटस्फोट होईलच लवकर’ या आश्वासनावर घर थाटणाऱ्या बायकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आता लग्नाशिवाय काय मिळत नाही ते पाहा. जोडीदार मृत्युपत्र न करता वारला, तर वारसाहक्कात तुमचे नाव कोठेही येत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाची विधवा ही मुलांबरोबर आणि सासूबरोबर पहिल्या वर्गाची वारस असते, पण वीस वर्षे एकत्र राहिलेली जोडीदार त्या यादीत नसते. कुटुंब निवृत्तिवेतन जोडीदाराला मिळते ते पती किंवा पत्नी म्हणूनच. दोघांनी मिळून मूल दत्तक घ्यायचे असेल, तर किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन अशी अट असते. परदेशी नोकरी लागली तर जोडीदाराच्या व्हिसासाठी बहुतेक ठिकाणी पहिला कागद मागतात तो विवाह प्रमाणपत्राचा. आणखी एक, सहसा कोणी न सांगितलेली गोष्ट : महाराष्ट्रात राहते घर पती किंवा पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायचे असेल, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, इतर आकार वेगळे. लग्न न झालेल्या जोडीदाराला हेच घर द्यायचे म्हटले, की खरेदीखतासारखे शुल्क लागते.

आमचा निर्णय या यादीमुळे झाला नाही. एकत्र राहायला लागल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. रात्री अकरा वाजता दाखल करताना काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला आणि ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यावर बोट ठेवले. मी ‘मैत्रीण’ असे लिहिले. तिने ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि त्याच्या वडिलांचा फोन नंबर मागितला. वर्ध्यात झोपलेल्या माणसाला उठवून त्यांची तोंडी संमती घेण्यात आली आणि मी पिशवी घेऊन बाकावर बसून राहिले. ती मुलगी तिचे काम करत होती, तिच्यावर राग नाही. पण त्या रकान्यात काय लिहायचे, हे मी त्या रात्री ठरवले.

तुम्हाला लग्न नकोच असेल, तर तेही ठामपणे ठरवा आणि मग त्याची कागदपत्रे करा. दोघांनी मृत्युपत्र करावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात आणि नोंदणी ऐच्छिक असते, पण केलेली बरी. भाडेकरारावर दोघांचीही नावे घालावीत. घर विकत घेतल्यास कोणाचा वाटा किती, हे खरेदीखतातच लिहावे. बँक, विमा, म्युच्युअल फंड यांवर नामनिर्देशन करावे, परंतु नॉमिनी म्हणजे वारस नव्हे हे विसरू नये. नॉमिनीच्या हातात पैसा आला, तरी मालकी बहुतेक वेळा वारसांचीच ठरते, म्हणून मृत्युपत्राला पर्याय नाही. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार देणाऱ्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर समलिंगी जोडप्यांना सध्या तरी हाच एक मार्ग उरतो. संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी करण्यास त्यांना आडकाठी नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

२. कोणत्या कायद्याखाली, ते आधी ठरवा

‘कोर्ट मॅरेज’ हा शब्द डोक्यातून काढून टाका. हे लग्न कोर्टात होत नाही. न्यायाधीश, वकील, काळा कोट यांपैकी कोणाचाही त्याच्याशी संबंध नसतो. महाराष्ट्रात ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्यासमोर होते. बहुतेकांपुढे दोन रस्ते असतात.

पहिला रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४ चा. यात धर्म, जात, भाषा काहीच आड येत नाही आणि कोणताही विधी सक्तीचा नसतो. आधी नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचे आणि मग अधिकाऱ्यासमोर लग्न लावायचे. येथे सरकारी अधिकारीच लग्न लावतो, त्यामुळे वेगळ्या नोंदणीची गरज उरत नाही.

दुसरा रस्ता विधीने लग्न करून नंतर नोंद करण्याचा. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. विधी झाल्यावर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली नमुना ‘ड’ भरून ९० दिवसांच्या आत नोंद करायची असते. त्यावर तीन साक्षीदारांबरोबर लग्न लावणाऱ्या भटजींचीही सही लागते. हळदीच्या हाताने ती राहून जाते आणि मग भटजी पुढच्या मुहूर्तांवर निघून गेलेले असतात, म्हणून फॉर्म लग्नाच्या ठिकाणीच घेऊन जावा.

येथे एक मोठा सापळा आहे. ‘एका दिवसात लग्न, सर्टिफिकेट हातात’ अशी पाटी लावलेल्या एजंटांकडे पुष्कळ जोडपी जातात. विशेष विवाह कायद्यात एका दिवसात लग्न होऊच शकत नाही, त्यामुळे ही मंडळी प्रत्यक्षात हार घातल्याचा एक फोटो काढतात आणि हिंदू विवाह म्हणून नोंद करून देतात. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, सप्तपदी किंवा त्या समाजाच्या रूढीप्रमाणे विधी झालेलाच नसेल, तर निव्वळ नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. दोघांपैकी एक मुस्लिम किंवा ख्रिस्ती असेल तर घोळ आणखी वाढतो, कारण हिंदू विवाह कायद्याला दोघेही हिंदू असावे लागतात आणि मग एजंट धर्मांतराचा एखादा कागदही पुढे करतो. लग्नासाठी धर्म बदलण्याची गरज नाही. विशेष विवाह कायदा नेमका त्यासाठीच आहे.

विधी हवा पण भिक्षुकी आणि थाट नको, अशांसाठी महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुरोहिताशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. वधूवरांनी एकमेकांना शपथ द्यायची, फुले यांनी रचलेली मंगलाष्टके म्हणायची आणि फुलांच्या अक्षता टाकायच्या, असा हा विधी आजही गावोगाव होतो. बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिशरण, पंचशील आणि प्रतिज्ञा एवढे पुरते. दोन्ही विधी अर्ध्या-पाऊण तासात होतात आणि घराच्या हॉलमध्येही मावतात.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तेथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू आहे आणि लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. तो करार लग्नाच्या आधीच करावा लागतो, नंतर करता येत नाही. तेव्हा निबंधकाकडे पहिली सही करण्यापूर्वी हा विषय दोघांनी बोलून घ्यावा.

३. पात्रता आणि कागदपत्रे

यापुढचे टप्पे विशेष विवाह कायद्याचे आहेत. वराचे वय २१ आणि वधूचे १८ पूर्ण असावे, दोघांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात व विवाहबद्ध नसावा, दोघे संमती देण्यास सक्षम असावेत आणि निषिद्ध नात्यात नसावेत. नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी किमान एकजण त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहत असावा.

फाइलमध्ये पुढील कागद ठेवा :

– वयाचा पुरावा, म्हणजे जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट
– रहिवासाचा पुरावा, म्हणजे आधार, वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार
– दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो, नेहमी सांगतात त्यापेक्षा चार जास्त
– घटस्फोटित असल्यास हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, विधवा किंवा विधुर असल्यास मृत्यूचा दाखला
– लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार, त्यांचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो
– एक जण परदेशी नागरिक असल्यास पासपोर्ट, व्हिसा आणि अविवाहित असल्याचे त्याच्या दूतावासाचे प्रमाणपत्र

घटस्फोटितांनी हुकूमनाम्याची तारीख पाहून अपिलाची मुदत संपल्याची खात्री करावी, त्याआधी लग्न करता येत नाही.

सर्वात जास्त वेळ जातो तो नावांच्या फरकात. माझ्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव घरगुती आहे, शाळेच्या दाखल्यावर पूर्ण आहे आणि आधारवर आडनाव आधी आले आहे. आम्ही हे नोटिशीच्या आदल्या रात्री पाहिले. सगळ्या कागदांवरचे स्पेलिंग एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा, आणि फरक असेल तर नोटिशीच्या महिनाभर आधी तो दुरुस्त करा किंवा प्रतिज्ञापत्र करून ठेवा. प्रमाणपत्रावर जे नाव छापले जाते ते पुढे व्हिसापर्यंत पिच्छा पुरवते.

४. नोटीस आणि ते तीस दिवस

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून नोटीस ऑनलाइन भरता येते. शासकीय शुल्क इतके कमी आहे की त्यावर परिच्छेद लिहिण्याची गरज नाही. कोणी हजारांत आकडा सांगत असेल, तर तो शुल्क सांगत नाही, स्वतःची दलाली सांगतो आहे.

नोटीस दिल्यावर ती कार्यालयातील फलकावर लावली जाते. दोघांपैकी कोणाचे कायमचे वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर तिची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते. आमची एक प्रत साताऱ्याला गेली आणि एक वर्ध्याला. घरी पत्र पाठवण्याची तरतूद कायद्यात नाही, परंतु फलक कोणीही वाचू शकतो आणि नोटिशींची नोंदवही कोणालाही विनाशुल्क पाहता येते. ज्यांच्या घरी विरोध आहे त्यांनी हे गृहीत धरूनच तारखा ठरवाव्यात.

३० दिवसांच्या आत कोणीही हरकत घेऊ शकतो, पण वर सांगितलेल्या पात्रतेच्या मुद्द्यांवरच. ‘मुलगा आमच्या जातीचा नाही’ ही हरकत होत नाही, आणि ‘आम्हाला विचारले नाही’ हीसुद्धा नाही. हरकत आलीच तर अधिकाऱ्याने तिचा निकाल ३० दिवसांत द्यायचा असतो. घरच्यांकडून जिवाला धोका असेल, तर लपूनछपून पळण्यापेक्षा जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्त यांच्याकडे लेखी अर्ज करावा. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये दिलेले आहेत. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

तारखेचे गणित नीट करा. नोटीस ३ जूनला दिली, तर ३ जुलै उलटल्यावर लग्न करता येते, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत ते झाले नाही तर नोटीस बाद होऊन सगळे पहिल्यापासून करावे लागते. आम्ही साधारण पंचेचाळिसावा दिवस धरला होता, म्हणजे कार्यालयाला अचानक सुटी आली किंवा संगणक बंद पडला तरी हाताशी दिवस राहतात.

५. सहीचा दिवस

हा टप्पा तुमच्या कल्पनेपेक्षा छोटा असतो. आमची वेळ सकाळी साडेअकराची होती आणि आमचा तिसरा साक्षीदार, म्हणजे माझा मावसभाऊ, आधारची झेरॉक्स घेऊन आला होता, मूळ कार्ड घरी ठेवून. तो रिक्षाने परत गेला आणि आम्ही दीड तास जिन्यात उभे राहिलो. तीन साक्षीदार लागत असतील तर चार सांगून ठेवावेत, आणि चौघांना आदल्या रात्री फोन करून ‘मूळ ओळखपत्र’ हे दोन शब्द म्हणायला लावावेत.

आत गेल्यावर वधूवर आणि तीन साक्षीदार प्रतिज्ञापनावर सह्या करतात, मग दोघांनी अधिकाऱ्यासमोर एकमेकांना कायदेशीर पती आणि पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे म्हणायचे असते. ते दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणता येते. आम्हाला छापील कागद दिला होता, त्यावरचे मराठी पंचनाम्यासारखे होते, तरी ते वाचताना माझा आवाज कापला. सासूबाई साक्षीदार होत्या. त्यांनी आधी चष्मा शोधला, मग पेन बदलून मागितले, आणि सही करून झाल्यावर शेजारी रिकामी जागा दिसली म्हणून विचारले, ‘इथं पण करू का?’ अधिकारी बाई पहिल्यांदाच हसल्या.

शुल्क भरून अधिकाऱ्याला कार्यालयाबाहेरही बोलावता येते आणि हवा तो विधी करून त्यातच हे शब्द म्हणता येतात. पण कमी खर्च हा हेतू असेल तर कार्यालयातच उरका.

६. जेवणावळ : खर्च खरोखर कोठे होतो

आमचा हिशेब असा होता. ८० पाने, पानामागे २८० रुपये, म्हणजे जेवण २२,४०० रुपये. सोसायटीचे सभागृह ३,०००. दोघांचे कपडे १४,०००. हार आणि फुले १,२००. वर्ध्याहून १८ माणसांचा येण्याजाण्याचा रेल्वेप्रवास १६,२००. शुल्क, फोटो, झेरॉक्स यांचे १,१००. मंगळसूत्र आईचे जुने होते, म्हणून सोन्याचा आकडा यात नाही. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस वर्ध्याहून निघून पुण्यावरून साताऱ्यालाच जाते, हे लग्न ठरेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. नंतर दोन्ही घरच्यांनी ते शुभशकुन म्हणून वापरले.

या हिशेबातून शिकण्यासारखी गोष्ट एकच : सगळे आकडे माणसांच्या संख्येला चिकटलेले असतात. म्हणून यादी आधी करा, सभागृह नंतर शोधा. आपल्याकडे उलटे होते. सहाशे माणसांचे कार्यालय ‘स्वस्तात’ मिळाले म्हणून घेतले जाते आणि मग ते भरण्यासाठी माणसे बोलावली जातात. आम्ही यादीला एक नियम लावला होता : गेल्या वर्षभरात ज्यांच्याशी दोघांपैकी एकाचे फोनवर बोलणे झाले असेल, त्यांनाच बोलावणे. बाबांचे सहकारी या नियमात बसेनात. त्यांच्यासाठी नंतर एक दिवस घरी चहा-पोहे झाले, आणि ते सगळे खूश होऊन गेले.

मंगल कार्यालय घेणारच असाल तर पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी घ्या : किमान किती पानांची अट आहे, बाहेरचा आचारी चालतो का, जनरेटर, वीज आणि सफाई वेगळी आहे का, कर धरून आकडा आहे का, आणि ठरल्यापेक्षा पाने वाढली तर दर काय. जेवणाच्या वेळी घरातला एक चोख माणूस ताटांच्या चळतीपाशी उभा करून ताटे मोजून घ्यावीत. आमच्या एका आत्यांनी हे काम केले. आचाऱ्याचा आकडा आणि त्यांचा आकडा यांत नऊ पानांचा फरक निघाला, आणि आचाऱ्याने तो मुकाट्याने मान्य केला.

मुहूर्त नसलेल्या दिवशी आणि आठवड्याच्या मधल्या वारी सभागृह, आचारी, फोटोग्राफर, फुलवाले सगळेच खाली येतात. घरच्यांना मुहूर्ताशिवाय चैन पडत नसेल तर पंचांगात काढीव मुहूर्त असतात, ते दाखवावेत. त्या दिवशी कार्यालये ओस पडलेली असतात. पदार्थ कमी ठेवा. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा आणि जिलबी यांवर एकाही पाहुण्याने तक्रार केली नाही. चायनीज आणि चाटचे काउंटर लावले की लोक सगळीकडे एकेक घास घेतात आणि उरलेले टाकतात.

साखरपुडा आणि लग्न वेगळे करू नका. साखरपुड्यातच लग्न उरकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि एका जेवणाचा खर्च वाचवणारा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

७. मानपान आणि घरच्यांशी बोलणे

खर्चाचे सर्वात गुळगुळीत दार म्हणजे मानपान. आत्याला साडी दिली की मावशीला द्यावी लागते, मावशीला दिली की काकूंना, आणि ‘साधी’ साडी कोणाला द्यायची यावरून लग्नाआधीच दोन घरांत अबोला सुरू होतो. यावर मधला मार्ग टिकत नाही. एकालाही द्यायचे नाही, असे दोन्हीकडच्या सर्वांत वयस्कर माणसाच्या तोंडून वदवून घ्यावे. आमच्याकडे ते माझ्या आजीने केले, आणि पत्रिकेऐवजी पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशात ‘आहेर आणू नये, दिला जाणार नाही’ ही ओळही तिनेच सांगितली.

‘आम्हाला हुंडा नको, फक्त लग्न चांगले करून द्या’ असे म्हणणारी माणसे भेटली, तर त्या ‘फक्त’ची किंमत विचारा. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे, पण कार्यालयाचे भाडे, सोन्याची साखळी आणि बँडबाजा या रूपांत तो खुशाल वावरतो. खर्च दोन्ही घरांनी, किंवा त्याहून बरे म्हणजे तुम्ही दोघांनीच निम्मा-निम्मा करावा. ज्याचे पैसे असतात त्याची यादी लांबते.

आईवडिलांना ‘तुमच्या पैशाची उधळपट्टी नको’ असे सांगून ते पटत नाहीत. त्यांना वाटते की लोक नावे ठेवतील. आम्ही माझ्या बाबांना वहीत दोन रकाने आखून दिले. एकात सहाशे माणसांचे लग्न, दुसऱ्यात ८० माणसांचे लग्न आणि उरलेल्या रकमेतून घराच्या डाउन पेमेंटचा वाटा. ते रात्रभर काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनी दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या हाताने चार नावे वाढवली, तेव्हा ते तयार झाले आहेत हे आम्हाला कळले.

घरची परिस्थिती बेताची असेल, तर शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील मुलींसाठी राज्य शासनाची शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजना आहे. तिची चौकशी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करावी. आंतरजातीय विवाहात एकजण अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त व भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल, तर ५०,००० रुपयांचे प्रोत्साहनपर साहाय्य आहे, आणि त्याचा अर्ज जिल्हा परिषदेच्या समाज कल्याण विभागात करायचा असतो. ही रक्कम लग्नानंतर मिळते, म्हणून लग्नाच्या हिशेबात ती धरू नये.

८. लग्नानंतरचा आठवडा

प्रमाणपत्र हातात आले की तिथेच, टेबलापाशी उभे राहून, प्रत्येक अक्षर वाचा. दुरुस्ती त्याच दिवशी सोपी असते. प्रमाणित प्रती दोन-तीन घेऊन ठेवा. आडनाव बदलणे सक्तीचे नाही, आणि बदलायचे नसेल तर कोणाकडेही कारण देण्याची गरज नाही.

भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधी भाऊ किंवा आईवडील यांच्या नावे केलेले नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द समजले जाऊ शकते. ते नव्याने करा. बँका, विमा आणि आरोग्य विम्यातही नाव घाला. आरोग्य विम्यात नवा जोडीदार जोडण्यासाठी कंपन्या ठरावीक दिवसांचीच मुदत देतात, त्यामुळे कार्यालयाच्या मनुष्यबळ विभागाला मेल त्याच आठवड्यात जाऊ द्या.

परदेशी जायचे असेल तर प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे प्रमाणन, लागते. त्यासाठी मूळ कागदावर शिक्के मारले जातात. आमच्या मावसभावाने, जिन्यातल्या त्या दीड तासाची भरपाई म्हणून, प्रमाणपत्र प्रेमाने लॅमिनेट करून आणण्याची तयारी दाखवली होती. प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही. ते साध्या फोल्डरमध्येच ठेवा.